एर्नी डेव्हिस : तीन हंगामांची कारकीर्द

क्लीव्हलँड ब्राऊन्स या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघाने आपल्या इतिहासात मोजक्याच खेळाडूंचे जर्सी क्रमांक कायमचे राखून ठेवले आहेत. एखादा क्रमांक पुन्हा कोणालाही द्यायचा नाही, हा त्या खेळातील फार मोठा सन्मान समजला जातो. या यादीतील ४५ हा क्रमांक मात्र इतरांहून वेगळा आहे. ज्याच्या स्मरणार्थ तो राखला गेला, त्या एर्नी डेव्हिसने ती जर्सी घालून एकही सामना खेळला नाही. १८ मे १९६३ रोजी, वयाच्या अवघ्या २३व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्याचा मृत्यू झाला. त्याच्या नावावर जी कारकीर्द आहे ती महाविद्यालयीन मैदानावरची, आणि तीही तीन हंगामांची.

एवढ्या तुटपुंज्या शिदोरीवर एखादा खेळाडू साठ वर्षांहून अधिक काळ आपल्या देशाच्या स्मरणात कसा राहतो? अकाली मृत्यूची हळहळ हे त्याचे सोपे उत्तर झाले. पण डेव्हिसची कहाणी केवळ हळहळीची नाही. त्याने कोणत्या संघाकडून खेळावे, कोणत्या समारंभात किती वेळ बसावे, आजारी असताना मैदानावर उतरावे की नाही, इतकेच काय, आपल्याला कोणता आजार झाला आहे हे त्याला केव्हा कळावे, हेदेखील इतरांनी ठरवले. हाती आलेला चेंडू आणि स्वतःचे वागणे, एवढेच काय ते त्याच्या स्वाधीन होते. या दोन गोष्टींच्या बळावर त्याने काय साधले, हे पाहण्यासारखे आहे.

खाणींच्या मुलखातून

एर्नीचा जन्म १४ डिसेंबर १९३९चा. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात, कोळशाच्या खाणींच्या मुलखात न्यू सेलम नावाचे छोटे गाव आहे. तेथे तो जन्मला. वडिलांचा सहवास त्याला लाभलाच नाही. अपघातात त्यांचा अंत झाला. एकट्या तरुण आईला मुलाचा सांभाळ करणे अवघड होते. त्यामुळे लहानग्या एर्नीला जवळच्याच युनियनटाऊन येथे आजी-आजोबांच्या घरी ठेवण्यात आले. आजोबा विली डेव्हिस खाणकामगार होते. घरात माणसे पुष्कळ आणि पैसा बेताचा. पण शिस्त कडक आणि माया भरपूर. एर्नी बोलताना अडखळत असे. चारचौघांत बोलण्यापेक्षा ऐकून घेण्याकडे त्याचा कल होता. तो स्वभाव पुढेही कायम राहिला.

बाराव्या वर्षी तो आईकडे राहायला गेला. तोवर तिने दुसरे लग्न करून न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी संसार मांडला होता. एल्मायरा हे तसे लहानसे औद्योगिक शहर. मार्क ट्वेनची सासुरवाडी आणि त्याचे दफनस्थान म्हणून जाणकारांना ते ठाऊक होते. त्याच्या ओळखीत आता आणखी एका नावाची भर पडणार होती.

एल्मायरा फ्री अकॅडमी या शाळेत एर्नी फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल हे तिन्ही खेळ खेळला आणि तिन्हींत चमकला. बास्केटबॉलमध्ये तर त्याच्या शाळेने सलग ५२ सामने जिंकले. पण त्याचे मन फुटबॉलमध्ये होते. पुढे वृत्तपत्रांनी त्याला एल्मायरा एक्स्प्रेस हे नाव बहाल केले. शालेय शिक्षण संपत आले तेव्हा देशभरातील महाविद्यालये त्याच्यासाठी पायघड्या घालून उभी होती.

चव्वेचाळीस क्रमांकाचा वारसा

सिराक्यूज विद्यापीठ एल्मायरापासून सुमारे शंभर मैलांच्या आत. तेथील प्रशिक्षक बेन श्वार्ट्झवाल्डर हे दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या भूमीवर छत्रीने उतरलेले सैनिक. त्यांचा दरारा मोठा होता. एर्नीला सिराक्यूजकडे वळवण्यासाठी त्यांनी आपला सर्वांत नामांकित शिष्य पुढे केला. त्याचे नाव जिम ब्राऊन. १९५४ ते १९५६ या तीन हंगामांत ४४ क्रमांकाची जर्सी घालून ब्राऊनने सिराक्यूजचे मैदान गाजवले होते आणि एव्हाना तो क्लीव्हलँडच्या व्यावसायिक संघात दाखल झाला होता. विद्यापीठात कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून ब्राऊनच्या वाट्याला कटू अनुभवही आले होते. तरीही त्याने एर्नीला सिराक्यूजचीच वाट सुचवली. एर्नी तेथे दाखल झाला आणि ब्राऊनचा ४४ क्रमांक त्याच्या पाठीवर आला.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या परिचयाच्या फुटबॉलपेक्षा सर्वस्वी निराळा खेळ. येथे चेंडू हातात धरून पळायचे असते. दोन्ही बाजूंच्या गोलरेषांमधील अंतर १०० यार्डांचे. चेंडू ताब्यात असलेल्या संघाने चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचे. तेवढे जमले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाऊन होतो आणि सहा गुण मिळतात. या व्यूहात चेंडू छातीशी धरून थेट समोरच्या तटबंदीत घुसणारा गडी म्हणजे रनिंग बॅक. त्याला वाट करून द्यायला सहकारी असतात, पण ती वाट क्षणभरच उघडते. तेवढ्यात ती हेरणे, अंगावर झेपावणाऱ्यांना चुकवणे आणि चुकवता आले नाही तर त्यांना ओढत आणखी दोन पावले पुढे जाणे, हे त्याचे काम. कबड्डीत चढाई करणाऱ्याला परत फिरण्याची मुभा असते. रनिंग बॅकला ती नाही.

डेव्हिस उंचापुरा आणि भक्कम होता, तरी त्याची खरी ताकद होती ती वेगात दिशा बदलण्याची. तीन हंगामांत मिळून त्याने चेंडू घेऊन पळत २३८६ यार्डांची मजल मारली. प्रत्येक धावेची सरासरी ६.६ यार्डांची पडते. १० यार्डांसाठी चार प्रयत्न मिळतात, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ उलगडतो. चेंडू डेव्हिसकडे दोनदा दिला की चार प्रयत्नांचे काम सरासरीने उरकत असे. जिम ब्राऊनच्या नावावर असलेला २०९१ यार्डांचा विद्यापीठाचा विक्रम त्याने मागे टाकला. एकंदर ३५ टचडाऊन त्याच्या नावे जमा झाले. त्या काळच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. म्हणूनच हे सारे केवळ तीन हंगामांतले आहे. शिवाय खेळाडू बदलण्यावर तेव्हा बरीच बंधने असल्याने आक्रमण करणाऱ्यालाच बचावालाही उभे राहावे लागे. डेव्हिस दोन्ही आघाड्यांवर खेळे.

डलासमधील विजय आणि मेजवानी

१९५९च्या हंगामात तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. सिराक्यूजचा संघ त्या वर्षी एकही सामना हरला नाही. नोव्हेंबरमध्ये पेन स्टेट विद्यापीठाने त्यांना घाम फोडला. तो सामना २०-१८ असा निसटत्या फरकाने जिंकता आला. एरवी बहुतेक लढती एकतर्फीच झाल्या. हंगामाअखेर क्रमवारीत सिराक्यूज देशात पहिल्या स्थानी पोहोचले. या विद्यापीठाच्या फुटबॉलचे ते आजवरचे एकमेव राष्ट्रीय विजेतेपद आहे.

१ जानेवारी १९६० रोजी टेक्सास राज्यातील डलास शहरात कॉटन बोल या प्रतिष्ठेच्या सामन्यात त्यांची गाठ टेक्सास विद्यापीठाशी पडली. अमेरिकेच्या दक्षिणेत वर्णभेद तेव्हा उघडपणे नांदत होता. टेक्सासच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ती कोंडी पुढे १९७० साली फुटली. सिराक्यूजच्या संघात मात्र डेव्हिसबरोबर आणखी काही कृष्णवर्णीय खेळाडू होते. सामन्याला काही दिवस उरले असताना डेव्हिसच्या मांडीचा स्नायू दुखावला. तो खेळू शकेल की नाही, याचीच शंका होती.

सामना सुरू होऊन दोन मिनिटेही झाली नव्हती. गेरहार्ट श्वेडेसने फेकलेला चेंडू डेव्हिसने झेलला आणि दुखऱ्या पायाने तो थेट गोलरेषेपर्यंत पळाला. ८७ यार्डांचे ते टचडाऊन त्या सामन्याच्या इतिहासातील विक्रम ठरले. नंतर त्याने आणखी एक टचडाऊन केला, टचडाऊननंतरच्या दोन प्रयत्नांत प्रत्येकी दोन गुण मिळवले आणि बचाव करताना प्रतिपक्षाचा चेंडूही अडवला. मध्यंतरापूर्वी मैदानावर हाणामारी झाली. टेक्सासच्या खेळाडूंनी वर्णावरून शिवीगाळ केली, असा सिराक्यूजच्या खेळाडूंचा आरोप होता. सिराक्यूजने सामना २३-१४ असा जिंकला. सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान अर्थातच डेव्हिसला मिळाला.

त्या रात्री मेजवानी आणि पारितोषिक वितरण होते. डेव्हिसने आपले पारितोषिक स्वीकारावे, पण त्यानंतर त्याने आणि इतर कृष्णवर्णीय खेळाडूंनी सभागृह सोडावे, असे सुचवण्यात आले. दुपारी ज्याच्या खेळावर सारे मैदान खिळले होते, त्याला रात्री त्याच गावात गोऱ्या माणसांच्या पंगतीला बसता येत नव्हते. अशा प्रसंगी जिम ब्राऊनने बहुधा शब्दाने शब्द वाढवला असता. डेव्हिसचा तो पिंड नव्हता. त्याने पारितोषिक घेतले आणि तो बाहेर पडला.

डेव्हिसचा सौम्यपणा गोऱ्या समाजाला सोयीचा वाटला म्हणून तो त्यांना आवडला, असे कोणी म्हणू शकेल. या म्हणण्यात तथ्यांश नाही असे नाही. पण सौम्यपणा आणि शरणागती या दोन गोष्टी एक नव्हेत. सिराक्यूजमध्ये सिग्मा अल्फा म्यू या ज्यू विद्यार्थ्यांच्या संघटनेत प्रवेश मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी ठरला. जेथे आपल्यासारख्यांसाठी जागा नव्हती तेथे आरडाओरडा न करता जाऊन बसायचे आणि उठायचे नाही, ही त्याची रीत होती. तिलाही धैर्य लागते. फक्त ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही, इतकेच.

हाइझमनचा मानकरी

१९६०मध्ये डेव्हिसची प्रत्येक धावेची सरासरी ७.८ यार्डांवर गेली. १९६१मध्ये सारे प्रतिस्पर्धी त्याच्यावरच डोळा ठेवून मैदानात उतरत असल्याने ती उतरली, तरी त्याने ८२३ यार्डांची मजल मारलीच. त्या वर्षअखेरच्या लिबर्टी बोल सामन्यात सिराक्यूजने मायामी विद्यापीठाला १५-१४ असे हरवले. डेव्हिसचा तो अखेरचा महाविद्यालयीन सामना.

त्याच वर्षी हाइझमन ट्रॉफीचा निकाल लागला. अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन फुटबॉलपटूला हा पुरस्कार १९३५पासून दिला जातो. मतदार प्रामुख्याने क्रीडा पत्रकार. १९५६ साली जिम ब्राऊनचा खेळ ऐन भरात असताना त्याला या मतदानात पाचव्या स्थानावर समाधान मानावे लागले होते. तो मान त्याच्या वर्णामुळे हुकला, असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. १९६१च्या मतदानात डेव्हिसने ओहायो स्टेट विद्यापीठाच्या बॉब फर्ग्युसनला ५३ गुणांनी मागे टाकले. फर्ग्युसनही कृष्णवर्णीय होता. म्हणजे त्या वर्षी पहिल्या दोन स्थानांवर दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. पुरस्काराच्या २६ वर्षांच्या इतिहासात प्रथमच तो एका कृष्णवर्णीय खेळाडूच्या हाती पडला.

समारंभ न्यूयॉर्कला होता. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी त्या दिवशी योगायोगाने त्याच शहरात होते. त्यांनी डेव्हिसला भेटीसाठी बोलावून घेतले आणि त्याचे अभिनंदन केले. दोन वर्षांपूर्वी ज्याला पारितोषिक हाती देऊन सभागृहाबाहेर जाण्यास सांगण्यात आले होते, त्याचा हात आता देशाचा अध्यक्ष आपल्या हाती घेत होता. त्या काळातील अमेरिकेचा अंतर्विरोध या दोन प्रसंगांत जसा दिसतो, तसा तो एखाद्या ग्रंथातही क्वचितच सापडेल.

ज्या संघाकडून तो खेळला नाही

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळाडू व्यावसायिक संघांत जातात ते ड्राफ्ट नावाच्या पद्धतीने. मागच्या हंगामात सर्वांत खाली राहिलेल्या संघाला खेळाडू निवडण्याचा पहिला मान मिळतो. १९६१ साली तो मान वॉशिंग्टन रेडस्किन्स या संघाकडे होता. या संघाचे मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांनी तोवर एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला संघात घेतले नव्हते. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये असा तो एकच संघ उरला होता.

संघाचे नवे स्टेडियम मात्र सरकारी जमिनीवर उभे होते. केनेडी मंत्रिमंडळातील अंतर्गत कारभार खात्याचे मंत्री स्ट्युअर्ट उडॉल यांनी नेमकी तीच कळ दाबली. नोकरभरतीत भेदभाव करणाऱ्याला सरकारी जागा वापरू दिली जाणार नाही, असे त्यांनी मार्शल यांना बजावले. मार्शल यांनी बराच काळ टाळाटाळ केली. अखेर ४ डिसेंबर १९६१च्या ड्राफ्टमध्ये वॉशिंग्टनने पहिली निवड केली ती एर्नी डेव्हिसची. ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

तो वॉशिंग्टनकडून खेळणार मात्र नव्हता. क्लीव्हलँडचे प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी त्याचे हक्क आपल्याकडे घेतले आणि मोबदल्यात बॉबी मिचेल आणि लेरॉय जॅक्सन हे दोन कृष्णवर्णीय खेळाडू वॉशिंग्टनला दिले. १९६२च्या हंगामात मिचेल वॉशिंग्टनकडून मैदानावर उतरला आणि लीगमधील शेवटचा बंद दरवाजा उघडला. पुढे मिचेलने तेथे मोठे नाव कमावले. २०२० साली मार्शल यांचा पुतळा त्या जुन्या स्टेडियमसमोरून हलवण्यात आला आणि त्याच महिन्यात वॉशिंग्टनच्या संघाने मिचेलचा ४९ क्रमांक कायमचा राखून ठेवला. ज्या संघाचा गणवेश डेव्हिसने कधी अंगावर चढवला नाही, त्या संघाचा इतिहास त्याच्या नावाच्या सौद्याने असा बदलला.

डेव्हिसच्या दृष्टीने हा बदल सुखाचाच होता. क्लीव्हलँडला जिम ब्राऊन होता. चव्वेचाळीस क्रमांकाचे दोन वारसदार आता एकाच संघातून, एकाच वेळी पळणार होते. नवोदिताला क्वचितच मिळे असा करार त्याच्या हाती पडला. पदवी पदरात पडली. यापुढचा मार्ग सरळ दिसत होता.

उन्हाळ्यातील थकवा

१९६२च्या उन्हाळ्यात डेव्हिसला थकवा जाणवू लागला. शिकागोत व्यावसायिक विजेत्या संघाविरुद्ध निवडक महाविद्यालयीन खेळाडूंचा सामना दर वर्षी होत असे. त्याच्या सरावासाठी तो गेला असता मानेवर सूज आली. सुरुवातीला डॉक्टरांना एखाद्या साध्या संसर्गाची शंका आली. रक्ताच्या तपासण्या झाल्या तेव्हा तीव्र स्वरूपाचा ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. त्या काळी प्रौढ रुग्णाच्या बाबतीत या निदानाचा अर्थ एकच होता.

तो अर्थ डेव्हिसला मात्र लगेच सांगण्यात आला नाही. रक्ताचा काही विकार आहे, एवढेच त्याला माहीत होते. रुग्णापासून असे निदान लपवणे ही तेव्हाची सर्रास प्रथा होती आणि तीमागचा हेतू दयेचा असे. ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या स्टेडियमवर एका सराव सामन्याच्या वेळी त्याची प्रेक्षकांना ओळख करून देण्यात आली. पाऊण लाखांहून अधिक प्रेक्षक उभे राहिले. दिव्याच्या झोतात, साध्या कपड्यांत, डेव्हिस मैदानावर धावत गेला. क्लीव्हलँडच्या मैदानावर त्याच्या नावे असलेली धाव ती एवढीच.

उपचारांना काही काळ यश आले आणि ऑक्टोबरमध्ये आजार दबला. तेव्हा कुठे डॉक्टरांनी त्याला खरे काय ते सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि आपण केव्हा खेळू शकू, याची चौकशी सुरू केली. येथे क्लीव्हलँडच्या संघात वादाची ठिणगी पडली. मालक आर्ट मॉडेल यांना वाटत होते की प्रकृती साथ देते आहे तोवर त्याला एकदा तरी मैदानावर उतरू द्यावे. प्रशिक्षक पॉल ब्राऊन यांनी ठाम नकार दिला. अशा रुग्णाला या दणकट खेळात उतरवणे त्यांना पटण्यासारखे नव्हते.

यात बरोबर कोण, हे आज ठरवणे सोपे नाही. मॉडेल यांच्या आग्रहामागे एका तरुणाची शेवटची इच्छा पुरी करण्याची भावना होती; लोकांच्या मनात त्या तरुणाविषयी किती कुतूहल आहे, हेही त्यांना ठाऊक असणारच. ब्राऊन यांच्या नकारात कठोरपणा होता, तशी जबाबदारीही होती. दोघांत आधीपासून असलेली तेढ आणखी वाढली. जानेवारी १९६३मध्ये मॉडेल यांनी ब्राऊन यांना पदावरून दूर केले. ज्या प्रशिक्षकाच्या आडनावावरून संघाचे नाव पडले होते, त्याला संघाबाहेर जावे लागले. यामागे इतरही कारणे होती. डेव्हिसचा प्रश्न हे त्यांतील एक. डेव्हिस स्वतः मात्र हंगामभर सरावाला हजर राहिला, सामन्यांच्या वेळी बाकावर बसला आणि या वादात त्याने कोणाचीही बाजू घेतली नाही.

अखेरचे महिने

एल्मायराच्या रहिवाशांनी त्याचा जाहीर सत्कार केला होता. केनेडी यांची अभिनंदनाची तार तेथे आली होती. मार्च १९६३मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात डेव्हिसने आपल्या आजाराविषयी लिहिले. आपल्या वाट्याला आलेल्या तेवीस वर्षांत एवढे काही मिळाले आहे की स्वतःला दुर्दैवी समजण्याचे कारण नाही, असा त्या लेखाचा सूर होता. वाचकांची सहानुभूती मागणारे त्यात काही नव्हते. लहानपणी चारचौघांत बोलताना अडखळणारा हा मुलगा आपल्या मरणाविषयी सगळ्या देशाशी बोलला तो असा, न अडखळता.

मेच्या मध्यावर प्रकृती पुन्हा ढासळली. इस्पितळात दाखल होण्यापूर्वी तो संघाच्या कार्यालयात जाऊन मॉडेल यांना भेटला. थोडे दिवस इस्पितळात राहावे लागेल, एवढेच सांगून त्याने निरोप घेतला. दोन दिवसांनी, १८ मे रोजी, क्लीव्हलँडच्या लेकसाइड इस्पितळात झोपेतच त्याचे प्राण गेले.

एल्मायरात त्याच्या अंत्यदर्शनासाठी दहा हजारांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. त्यांत गोरे होते, काळे होते, आणि ज्यांनी फुटबॉलचा एकही सामना पाहिला नव्हता असेही होते. अमेरिकन संसदेच्या दोन्ही सभागृहांत त्याला आदरांजली वाहण्यात आली. वुडलॉन दफनभूमीत, जेथे मार्क ट्वेन चिरनिद्रा घेत आहे, तेथेच एर्नीला निरोप देण्यात आला. याच मे महिन्यात दक्षिणेतील बर्मिंगहॅम शहरात वर्णभेदाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांवर पोलिसांनी पाण्याचे झोत सोडले होते. नागरी हक्कांचा कायदा संमत व्हायला अजून एक वर्ष अवकाश होता. तो कायदा पुढे रेटणारे केनेडीही त्याच नोव्हेंबरमध्ये मारले गेले.

मागे उरलेले

मृत्यूपूर्वी काही महिने डेव्हिसने सिराक्यूजच्या वतीने फ्लॉइड लिटल नावाच्या एका होतकरू खेळाडूची भेट घेतली होती. जिम ब्राऊनने जे काम त्याच्यासाठी केले होते तेच आता तो करत होता. लिटलचा निर्णय होत नव्हता. डेव्हिस गेल्याची वार्ता कळताच त्याने सिराक्यूज निवडले आणि ४४ क्रमांकाची जर्सी घालून तोही मोठा खेळाडू झाला. २००५ साली विद्यापीठाने तो क्रमांक कायमचा राखून ठेवला. महाविद्यालयीन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये डेव्हिसचा समावेश १९७९ साली झाला. एल्मायरात तो ज्या शाळेच्या आवारात शिकला, तेथे त्याचे नाव दिलेली शाळा आली आणि त्याचा पुतळाही उभा राहिला.

पण स्मारके उभारली की प्रश्न मिटतात असे नाही. १९७० साली याच सिराक्यूज विद्यापीठात कृष्णवर्णीय खेळाडूंनी भेदभावाच्या निषेधार्थ सरावावर बहिष्कार टाकला. प्रशिक्षक तेच होते, बेन श्वार्ट्झवाल्डर. त्या खेळाडूंची कारकीर्द अर्ध्यावर मोडली आणि विद्यापीठाने त्यांची माफी मागितली ती २००६ साली. एकाला डोक्यावर घेतले म्हणजे त्याच्यासारख्या इतरांना न्याय मिळतोच असे नाही, हे डेव्हिसच्या विद्यापीठाने स्वतःच दाखवून दिले.

त्याच्या आयुष्यावर २००८ साली दि एक्स्प्रेस हा चित्रपट निघाला. त्यात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मैदानावर प्रेक्षक सिराक्यूजच्या कृष्णवर्णीय खेळाडूंना शिव्या देतात, वस्तू फेकतात, असा प्रसंग आहे. १९५९चा तो सामना प्रत्यक्षात सिराक्यूजच्या घरच्या मैदानावर झाला होता. वेस्ट व्हर्जिनियातून याविषयी रास्त तक्रार झाली. डेव्हिसची कहाणी गडद करायला कल्पनेतल्या गर्दीची गरजच नव्हती. डलासच्या मेजवानीत कोणी आरडाओरडा केला नव्हता. तेथे त्याला सभ्यपणे बाहेरची वाट दाखवण्यात आली होती. अपमान हा असाही होतो, आणि तो पडद्यावर दाखवणे अधिक कठीण असते.

जिम ब्राऊन दीर्घायुषी ठरला. व्यावसायिक फुटबॉलमधील सर्वश्रेष्ठ रनिंग बॅक म्हणून, पुढे अभिनेता म्हणून आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी निर्भीडपणे बोलणारा माणूस म्हणून त्याचे नाव गाजले. २०२३ साली, वयाच्या ८७व्या वर्षी तो निवर्तला. ती तारीख होती १८ मे. एर्नी डेव्हिसला जाऊन त्या दिवशी बरोबर साठ वर्षे झाली होती. ज्या दोघांनी एकाच संघातून खांद्याला खांदा लावून पळायचे होते, त्यांची सोबत अखेर अशी दिनदर्शिकेवर जुळली.

विक्रम मोडले जातात. डेव्हिसचे सिराक्यूजमधले अनेक विक्रमही पुढच्या खेळाडूंनी मागे टाकले. पहिलेपण मात्र कोणाला मोडता येत नाही. हाइझमनच्या मानकऱ्यांच्या यादीत आता कृष्णवर्णीय खेळाडूंची नावे इतकी आहेत की ती कोणी वेगळी मोजायच्या भानगडीत पडत नाही. त्या यादीत वर सरकत १९६१पाशी आलो की एर्नी डेव्हिसचे नाव लागते. त्याआधीच्या २६ वर्षांत तसे एकही नाव नाही.